दक्षिणी पद्धतीचा क्रीमी कोलस्लॉ: पाणी सुटू नये म्हणून काय करावं?

रानजाई

नॉर्थ कॅरोलायनात, रॅलीजवळ, शनिवारी दुपारी बागेत २० माणसांचं जेवण आहे. माझ्याकडे कोलस्लॉ, म्हणजे कच्च्या कोबीचं सॅलड, करायचं काम आलं आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत तळलेल्या कॅटफिशबरोबर किंवा बार्बेक्यूबरोबर देतात तो पांढरा, मेयोनीजचा, आंबटगोड प्रकार.

सध्या घेते ते प्रमाण: मध्यम कोबी १ (साधारण ९०० ग्रॅम), गाजर १, मेयोनीज १ कप, बटरमिल्क अर्धा कप, साखर ३ मोठे चमचे, ॲपल सायडर व्हिनेगर २ मोठे चमचे, मीठ १ लहान चमचा, थोडी मिरपूड. कोबी किसणीवर किसायचा, आदल्या रात्री सगळं कालवून फ्रिजमध्ये ठेवायचं.

अडचणी अशा. सकाळी भांड्याच्या तळाशी पाऊण कप तरी पांढरं पाणी असतं, मेयोनीज फाटतं की काय कळत नाही. झाकण काढलं की कोबीचा उग्र वास येतो. पाककृतींत सेलरीचं बी सांगतात, त्याऐवजी ओवा चालेल का? आणि सहाजण अंडं खात नाहीत, त्यांच्यासाठी काय करावं? २० जणांना किती कोबी लागेल तेही सांगा.

पाटावरवंटा

रानजाई, मेयोनीज फाटत नाही, ते पातळ होतं. दोन्हींत फरक आहे आणि उपाय त्यावरच ठरतो. मेयोनीज म्हणजे थोड्याशा पाण्यात बारीक थेंबांनी अडकवून ठेवलेलं भरपूर तेल. ते फाटलं तर वर तेलाचा तवंग दिसतो. तसं होतं ते फ्रीझरमध्ये गोठवल्यावर किंवा तापवल्यावर. तुमच्या तळाशी पांढरं पाणी आहे, तेल नाही; म्हणजे कोबीच्या अंगचं पाणी मेयोनीजमध्ये मिसळून त्याचं दूध झालं आहे.

कोबीत ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. मीठ आणि साखर दोन्ही ते ओढून बाहेर काढतात. काकडीच्या कोशिंबिरीत आपण मीठ पानं वाढायच्या वेळी घालतो ते याचसाठी. तुमच्या कृतीत १ चमचा मीठ आणि ३ मोठे चमचे साखर रात्रभर किसलेल्या कोबीवर काम करत बसतात. किसल्यामुळे पेशी आधीच फुटलेल्या, त्यात अर्धा कप बटरमिल्क. पाणी होणारच.

म्हणून ड्रेसिंग घालण्याआधीच पाणी काढून टाकायचं. एका कोबीचं प्रमाण देते (मोठा चमचा १५ मिलि, लहान ५ मिलि, कप २४० मिलि):

कोबी ९०० ग्रॅम, दांडा आणि वरची पानं काढून उरतो साधारण ७५० ग्रॅम
साधं बारीक मीठ १२ ग्रॅम, म्हणजे २ लहान चमचे
केशरी गाजर १ मोठं, १०० ग्रॅम
मेयोनीज पाऊण कप
बटरमिल्क ३ मोठे चमचे
ॲपल सायडर व्हिनेगर २ मोठे चमचे
साखर २ मोठे चमचे
पिवळी तयार मोहरी किंवा डिजॉन १ लहान चमचा
सेलरीचं बी अर्धा लहान चमचा
ताजी मिरपूड अर्धा लहान चमचा

कोबी चिरून त्याला सगळं मीठ हाताने लावा. चुरडू नका, फक्त सगळीकडे लागू दे. रोळीत काढून खाली भांडं ठेवा. १ तास पुरे, ४ तास झाले तरी बिघडत नाही. खाली पाव ते अर्धा कप पाणी जमेल आणि कोबी लवेल, पण चावला तर करकरीतच लागेल. मग रोळीतच गार पाण्याखाली धरून नीट धुवा, मूठमूठ घेऊन पिळा आणि स्वच्छ पंच्यावर पसरून टिपून घ्या. धुणं आणि टिपणं यातलं एकही टाळू नका. धुतलं नाही तर स्लॉ खारट, टिपलं नाही तर काढलेलं पाणी पुन्हा आत.

गाजराला मीठ लावू नका, शेवटी किसून घाला. ड्रेसिंग वेगळ्या भांड्यात फेटा, साखर पूर्ण विरघळली पाहिजे. त्यात मीठ घालायचं नाही. कोबीत थोडं उरलेलं असतं आणि मेयोनीजमध्येही असतं. कालवून अर्धा तास थांबा, मग चव घ्या, आणि कमी वाटलं तरच चिमूटभर घाला.

बटरमिल्क ३ चमच्यांवर आणलंय, कारण त्याचं काम आंबटपणा आणि थोडा सैलपणा आणणं, एवढंच. चमचा उलटा केल्यावर ड्रेसिंग संथ ओघळलं पाहिजे. धार लागली तर ते पातळ आहे.

विळीवरची

चिरण्याबद्दल लिहिते, कारण अर्धं गणित तिथेच सुटतं.

चौकोनी किसणीवर कोबी किसू नका. किसणी कापत नाही, फाडते. फाटलेल्या कडांमधून पाणी जास्त सुटतं आणि उग्र वासही जास्त येतो. कच्च्या कोबीतली गंधकाची संयुगं आणि ती मोडणारं विकर (एन्झाइम) पेशींत वेगवेगळ्या जागी असतात. पेशी फुटल्या की ती एकत्र येतात आणि मोहरीसारखा झणका तयार होतो. मोहरीचा तिखटपणाही याच जातीचा असतो. जितकं चुरडाल तितका वास.

विळी असेल तर यासाठी तिच्याएवढं चांगलं हत्यार नाही. कोबीचे चार भाग करा, दांडा तिरपा काढून टाका, एकेक चतकोर आडवा धरून शिरांच्या आडव्या दिशेने २ मिमी जाडीचा चिरा. शिरांना समांतर चिरलात तर लांब, चिवट दोरे निघतात आणि घासाबरोबर हनुवटीवर लोंबतात. नंतर ढिगावरून सुरी दोन-तीनदा फिरवून तुकडे ४–५ सेंमी लांबीचे करा. अमेरिकेत विळी नसेल तर मोठी धारदार सुरी किंवा मँडोलिन (पातं बसवलेली, पातळ काप काढायची पाटी) घ्या. मँडोलिनला बोटांचा आडोसा लावल्याशिवाय कोबी घेऊ नका, शेवटचा तुकडा हातून निसटतोच.

फूड प्रोसेसर वापरायचा असेल तर चकत्यांची पाती लावा. खालचं फिरणारं पातं लावलंत तर एका वेळी दोन मुठी कोबी आणि ५–६ झटके, त्याहून जास्त नाही. भांडं भरून फिरवलं की खालच्या थराची चटणी होते आणि वरचे तुकडे तसेच राहतात.

वास तरीही जास्त वाटला तर चिरलेला कोबी १५ मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवा, निथळा, मग मीठ लावा. पिशवीत मिळणाऱ्या चिरलेल्या मिश्रणालाही हे करावं, कारण त्याच्या कडा सुकलेल्या असतात. ती पिशवी बहुधा १४ औंसांची, म्हणजे जवळपास ४०० ग्रॅमची असते. दोन पिशव्या म्हणजे वरच्या प्रमाणातला एक कोबी. माझं मत विचाराल तर अख्खाच कोबी घ्या. आकाराच्या मानाने जड, दाबला तर न दबणारा, बाहेरची पानं हिरवी असलेला.

जांभळा कोबी रंगासाठी घालायचा मोह आवरा. त्याचा रंग पाण्यात उतरतो आणि दोन तासांत सगळा स्लॉ फिका जांभळट दिसतो. घालायचाच तर मूठभर, वेगळा धुऊन, अगदी वाढताना.

खमंग_काकडी

पाटावरवंटाताई, तुमची कृती उत्तम आहे, पण दक्षिणेतला क्रीमी स्लॉ म्हणजे फक्त हाच असं कुणाला वाटू नये म्हणून लिहितो. तळलेल्या चिकनबरोबर छोट्या वाटीत जो मिळतो तो जवळजवळ भुरभुरीत चिरलेला, ओलसर, चमच्याने खायचा असतो. त्याला मीठ लावून पिळत नाहीत. तिथे सुटणारं पाणी टाकायचं नसतं, ते ड्रेसिंगचाच भाग धरायचं असतं.

म्हणून तिथे ड्रेसिंग मुद्दाम घट्ट ठेवतात. ७५० ग्रॅम कोबी ३–४ मिमीच्या बारीक तुकड्यांत, गाजर तसंच बारीक, १ मोठा चमचा कांदा किसून. मेयोनीज पाऊण कप, साखर पाव कप, बटरमिल्क फक्त २ मोठे चमचे, व्हिनेगर १ मोठा चमचा, लिंबाचा रस १ मोठा चमचा, मीठ अर्धा लहान चमचा. कालवल्यावर हे कोरडं, चिकट वाटतं आणि माणूस घाबरून आणखी बटरमिल्क ओततो. तीच चूक. झाकून २ तास फ्रिजमध्ये ठेवा. कोबी पाणी सोडतो, साखर मुरते आणि सगळं आपोआप मिळून येतं. ढवळून वाढा आणि त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी कांदा कडवट होतो आणि पाणी खरोखरच जास्त होतं.

रानजाई यांच्या कृतीत खरं तर हे दोन प्रकार एकात एक गुंतलेत: ओलसर स्लॉचं किसणं आणि साखर, वर मोठ्या चिराच्या स्लॉचं सैल ड्रेसिंग. एक काय ते ठरवा. बागेतल्या जेवणाला, जिथे भांडं तासभर टेबलावर राहणार, तिथे मीठ लावून पिळलेलाच बरा. त्या बाबतीत ताईंशी सहमत.

मेयोनीजबद्दलही बोलायला हवं, कारण साखरेचं माप त्यावर अवलंबून असतं. दक्षिणेत बरेच जण ड्यूक्स घेतात. युजीनिया ड्यूक यांनी साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलमध्ये १९१७ साली सैनिकांना सँडविच विकायला सुरुवात केली, त्यातून हे मेयोनीज पुढे आलं. त्यात साखर अजिबात नाही आणि अंड्याचा बलक भरपूर, त्यामुळे आंबटपणा स्पष्ट लागतो. वरची मापं त्याला बरोबर बसतात. मिरॅकल व्हिप (मेयोनीजसारखं बाटलीतलं ड्रेसिंग) घेतलंत तर ते आधीच गोड असतं; साखर निम्मी करा. 'लो फॅट' लिहिलेलं काहीच घेऊ नका. त्यात तेलाच्या जागी पाणी आणि घट्ट करणारे पदार्थ असतात, स्लॉ बुळबुळीत लागतो.

एक बारीकशी गोष्ट: रॅलीहून पश्चिमेला लेक्सिंग्टनकडे गेलात आणि बार्बेक्यूबरोबर स्लॉ मागितलात तर लाल येईल, केचप आणि व्हिनेगरचा, मेयोनीजशिवाय. तो बिघडलेला नसतो, तिथला स्लॉ तसाच असतो. सहा अंडं न खाणाऱ्यांसाठी तोही एक चांगला पर्याय आहे: ७५० ग्रॅम बारीक चिरलेला कोबी, अर्धा कप केचप, पाव कप ॲपल सायडर व्हिनेगर, २ मोठे चमचे साखर, १ लहान चमचा मीठ, मिरपूड आणि लाल मिरचीचे तुकडे.

सुगरणीचा_खोपा

नाशिकहून लिहितेय. अंड्याशिवायचं आणि इथे करणाऱ्यांसाठीचं सांगते.

भारतात बाटलीत मिळणारं अंड्याशिवायचं मेयोनीज बहुतेक गोड असतं आणि त्यात स्टार्च असतो. तेच वापरायचं तर साखर २ चमच्यांऐवजी १, व्हिनेगर अर्धा चमचा जास्त, आणि मोहरी १ ऐवजी दीड चमचा. तरी त्याला थोडा पिठूळ शेवट येतोच. घरी करणं अवघड नाही: अर्धा कप गार, पूर्ण साईचं दूध आणि १ कप रिफाइंड सूर्यफूल तेल एका उंच, अरुंद भांड्यात घ्या. अर्धा लहान चमचा मोहरीची पेस्ट, अर्धा लहान चमचा मीठ. हातातला ब्लेंडर तळाला टेकवून सुरू करा आणि १५–२० सेकंद अजिबात हलवू नका. खालून पांढरं घट्ट व्हायला लागलं की हळूहळू वर उचला. शेवटी १ मोठा चमचा व्हिनेगर घालून एकदा फिरवा, ते आणखी घट्ट होतं. व्हिनेगर आधी घातलंत तर दूध फुटतं. उंच भांडं नसेल तर पातं तेल आणि दूध एकाच वेळी पकडत नाही आणि ते जमत नाही, यात हाताचा दोष नसतो. मिक्सरच्या भांड्यात करायचं तर तेल बारीक धारेने सोडा.

घाण्याचं शेंगदाणा तेल घेऊ नका, सगळा स्लॉ दाण्यांचा लागतो. ऑलिव्ह तेल ब्लेंडरमध्ये कडवट होतं.

कुणी दूधही घेत नसेल तर काबुली चणे शिजवलेलं दाट पाणी ३ मोठे चमचे आणि तेल पाऊण कप, बाकी तसंच. बटरमिल्कऐवजी मग पाणी आणि लिंबू.

बटरमिल्कला आपलं ताक म्हणू नका. ताक लोणी काढून उरलेलं किंवा दह्यात पाणी घालून घुसळलेलं, म्हणून पातळ. अमेरिकेतल्या दुकानातलं बटरमिल्क म्हणजे विरजण लावून आंबवलेलं दूध, सैल दह्याइतकं दाट. २ चमचे ताजं दही आणि १ चमचा दूध फेटलं की ३ चमच्यांचं काम होतं. दही आंबट असेल तर व्हिनेगर अर्धा चमचा कमी.

ओवा घालू नका. त्यातला थायमॉल इतका जोरकस असतो की स्लॉची भजी केल्यासारखी चव येते. सेलरीचं बी दिसायला ओव्यासारखं, पण त्याहून बारीक आणि तपकिरी. चव किंचित कडवट, गवतासारखी. इथे काष्ठौषधींच्या दुकानात अजमोदा म्हणून मिळतं, पंजाबात पिकतं. मात्र काही दुकानं त्याच नावाने बंगाली राधुनी देतात. वास घेऊन पाहा. राधुनीही चालते, पण तेज असते, निम्मीच घाला. काहीच नाही मिळालं तर कोवळ्या सेलरीची दोन पानं बारीक चिरून घाला किंवा सोडून द्या. बी घालायचंच तर ड्रेसिंगमध्ये आधी अर्धा तास भिजू द्या, कोरडं वर भुरभुरवलं तर दाताखाली कडू लागतं.

आपल्या कोबीच्या पचडीत फोडणी आणि दाण्याचं कूट असतं. कूट सुटलेलं पाणी पिऊन घेतं, म्हणून पचडीला कधी पिळावं लागत नाही. इथे पाणी शोषून घेणारं काहीच नाही. आणि शब्दाची गंमत: कोलस्लॉमधलं 'कोल' डच भाषेतलं, कोबी, 'स्ला' म्हणजे सॅलड. आपला 'कोबी' पोर्तुगीज 'कोव'वरून आला. दोघांचं मूळ एकच लॅटिन शब्द.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. मीठ लावायची पद्धत अर्ध्या कोबीवर करून पाहिली. ड्रेसिंग कालवल्यावर पाणी अजिबात सुटलं नाही, दहा तासांनंतरही नाही. पण आधी मीठ लावताना, ३७५ ग्रॅम कोबीला १ लहान चमचा कोशर मीठ (इथलं जाड दाण्यांचं मीठ) घातलं तर जेमतेम दोन-तीन चमचे पाणी निघालं. पुढच्या खेपेला दुप्पट घातलं, धुतलं, तरी किंचित खारट. कोशर मिठाचं माप वेगळं असतं का? आणि २० जणांचं कधी, किती आधी करून ठेवू? शनिवारी ९० अंश फॅरनहाइटच्या वर जाणार आहे.

पाटावरवंटा

हो, वेगळं असतं, आणि ब्रँडगणिक वेगळं. १ लहान चमचा साधं बारीक मीठ साधारण ६ ग्रॅम, मॉर्टन कोशर जवळपास ५ ग्रॅम, डायमंड क्रिस्टल कोशर ३ ग्रॅमच्या आसपास. तुमचं डायमंड असणार; म्हणजे पहिल्या वेळी मीठ निम्मंच पडलं, म्हणून पाणी कमी. चमचे सोडा, वजन करा. चिरलेल्या कोबीच्या वजनाच्या १.५ ते १.७ टक्के. ३७५ ग्रॅमला ६ ग्रॅम.

दुसऱ्या वेळी मीठ बरोबर होतं, म्हणजे धुणं कमी पडलं. नळाखाली रोळी नुसती धरली की वरचा थर धुतला जातो, मधला नाही. मोठ्या पातेल्यात गार पाणी घेऊन कोबी त्यात हलवा, उपसा, पाणी बदलून पुन्हा एकदा. मग दोन-चार काड्या खाऊन पाहा. भाजीला असतं तेवढं मीठ लागलं तर ठीक, लोणच्यासारखं लागलं तर तिसऱ्यांदा धुवा. ड्रेसिंग घातल्यावर खारटपणा काढता येत नाही. साखर वाढवून झाकायला जाऊ नका.

२० जणांना, बरोबर इतर पदार्थ असताना, माणशी साधारण १०० ग्रॅम धरा. दोन कोबी, दोन गाजरं आणि दुप्पट ड्रेसिंग यांचा पिळून-टिपून जवळपास २ किलो स्लॉ होतो. एका कोबीचा एक, अशी दोन वेगळी भांडी करा: एक नेहमीच्या मेयोनीजचं, एक अंड्याशिवायचं, दोघांना वेगळे चमचे आणि चिठ्ठी. ड्रेसिंग सगळं एकदम ओतू नका, पाव भाग मागे ठेवा. लागलं तर घाला. पिळलेल्या कोबीला मापापेक्षा थोडं कमीच पुरतं.

शुक्रवारी रात्री कोबी चिरा, मीठ लावा, धुवा, टिपा, पंच्यात गुंडाळून पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. ड्रेसिंग बरणीत. गाजर शनिवारी सकाळी. निघण्याच्या अर्धा तास आधी कालवा, बर्फ घातलेल्या डब्यातून न्या.

उन्हाबद्दल: ९० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ३२ अंश सेल्सिअसच्या वर हवा असेल तर टेबलावर १ तास, त्याखाली असेल तर २ तास, नंतर टाकून द्या. अमेरिकी कृषी खात्याचा नियम हाच आहे. लोक मेयोनीजला दोष देतात, पण बाटलीतलं मेयोनीज बऱ्यापैकी आंबट असतं. कोबी, गाजर, हाताळणी आणि ऊब यांतून धोका जास्त. मोठ्या परातीत बर्फ पसरून त्यात स्लॉचं भांडं बसवा आणि अर्धाच स्लॉ बाहेर काढा, उरलेला डब्यात गार राहू दे. घरी कच्च्या अंड्याचं मेयोनीज केलं असेल तर ते या जेवणाला नेऊ नका. पाश्चराइज केलेली अंडी असतील तरच.

खमंग_काकडी

बनमध्ये भरणार असाल तर आणखी एक. मेम्फिसकडे बार्बेक्यू सँडविचमध्ये स्लॉ मांसावरच घालतात. त्यासाठी कोबी आणखी बारीक चिरा, ड्रेसिंग निम्मं घाला आणि बनमध्ये घालण्याआधी झाऱ्याने उचलून निथळा. वाटीतला स्लॉ तसाच घातला तर खालचा पाव दोन मिनिटांत भिजतो. शाकाहारींसाठी डब्यातला कच्चा फणस पाण्यातून काढून, पिळून, बार्बेक्यू सॉसमध्ये परतला तर त्यावरही हाच स्लॉ बसतो. फक्त तो खाऱ्या पाण्यातला घ्या, पाकातला नव्हे. डबे सारखेच दिसतात.

विळीवरची

उरलेला स्लॉ झाकून ३ दिवस चांगला राहतो, फ्रिज ४ अंश सेल्सिअस किंवा खाली असेल तर. फ्रीझरमध्ये ठेवू नका, तिथे मेयोनीज खरोखर फाटतं. दुसऱ्या दिवशी तळाशी चमचाभर पाणी दिसलं तर ओतून टाका, ढवळून आत घेऊ नका, आणि वरून १ चमचा मेयोनीज व चार थेंब व्हिनेगर घालून कालवा.